परक्या कलमाशी सलोखा

बागाईतदार आंब्याचे कलम बांधतो, तेव्हा रायवळ आंब्याच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, उत्तम जातीच्या झाडाची काडी जोडतो. दोन्हींचे छेद नीट जुळवून बांधून ठेवले की काही आठवड्यांत सांधा एकजीव होतो आणि खुंटाच्या मुळांनी शोषलेल्या रसावर परकी फांदी वाढू लागते. पुढे कित्येक वर्षे एकाच्या मुळांवर दुसऱ्याची फळे येतात व त्यात कोणालाही नवल वाटत नाही.

प्राणिसृष्टीत मात्र असा सलोखा सहजासहजी घडत नाही. एका उंदराच्या अंगावरील नखाएवढी त्वचा काढून ती भिन्न वाणाच्या दुसऱ्या उंदराच्या अंगावर बसविली, तर प्रथम सर्व काही ठीक चालले आहे असे वाटते. त्या तुकड्यात रक्तवाहिन्या शिरतात, त्याला गुलाबी रंग चढतो. परंतु दहा-बारा दिवसांच्या सुमारास तो सुजतो, काळवंडतो आणि खपली होऊन गळून पडतो. शस्त्रक्रियेत काही उणे राहिलेले नसते. यजमान प्राण्याच्या शरीराने तो तुकडा परका म्हणून ओळखलेला असतो व नाकारलेला असतो.

हाच नकार मनुष्याच्या अवयव-प्रत्यारोपणातील सर्वांत मोठा अडसर होय. १९५४ साली बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंड-प्रत्यारोपण केले ते एकरूप जुळ्या भावांत. कारण त्यांची शरीरे परस्परांना परकी नव्हती. इतरांसाठी पुढे औषधे निघाली. १९८० च्या दशकात प्रचारात आलेल्या सायक्लोस्पोरीनने तर शल्यचिकित्सेचे हे क्षेत्रच पालटून टाकले. तथापि ही औषधे आंधळी असतात. परक्या मूत्रपिंडावरील हल्ला थोपविताना ती जंतूंविरुद्धचा व कर्करोगाविरुद्धचा बचावही दुबळा करतात, आणि बहुतेक रुग्णांना ती जन्मभर घ्यावी लागतात. शरीराने एवढे एकच कलम आपले मानावे आणि बाकी साऱ्या परक्यांशी पूर्ववत् लढावे, असे घडविता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्राण्यांच्या शरीरात एक अनपेक्षित जातीच्या पेशी सापडल्या. त्यांची हकीकत या पुस्तिकेत सांगितली आहे.

नकाराचे स्वरूप

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भाजलेल्या सैनिकांची व नागरिकांची संख्या मोठी होती. रुग्णाची स्वतःची त्वचा अपुरी पडे आणि दुसऱ्याची त्वचा टिकत नसे. ती का टिकत नाही याचा शोध घेण्याचे काम पीटर मेडावर या तरुण प्राणिशास्त्रज्ञाकडे आले. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक टॉमस गिब्सन यांच्यासह त्यांनी भाजलेल्या एका स्त्रीच्या जखमांवर तिच्या भावाच्या त्वचेची छोटी छोटी कलमे लावली. ती काही दिवसांनी नष्ट झाली. मग त्याच भावाची त्वचा पुन्हा लावली, तेव्हा दुसरी कलमे पहिल्यांपेक्षा फार लवकर नष्ट झाली. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ स्पष्ट होता. देवी किंवा गोवर यांच्याशी एकदा गाठ पडलेले शरीर जसे तो रोग ध्यानात ठेवते, तसेच ते परक्या त्वचेलाही ध्यानात ठेवते. कलमाचा नाश हे प्रतिकारसंस्थेचेच कार्य होते. मेडावर यांनी पुढे सशांवर पुष्कळ प्रयोग करून हा निष्कर्ष पक्का केला.

हे कार्य कोण करते? १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात अॅव्हरियन मिचिसन व इतर संशोधकांनी दाखवून दिले की, कलम नाकारलेल्या उंदराच्या रक्तातील पातळ रस दुसऱ्या उंदरास टोचला तर त्या दुसऱ्यास ही क्षमता लाभत नाही. त्याच्या लसीकाग्रंथींतील पेशी टोचल्या तर मात्र लाभते. या पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींपैकी लसीकापेशी होत. रक्त आणि लसीका यांतून त्या अखंड फेऱ्या घालतात आणि भेटेल त्या पेशीच्या पृष्ठभागावरील खुणा तपासतात. या खुणा जनुकांनी ठरविलेल्या असतात. त्यांचे प्रकार इतके विपुल आहेत की, एकरूप जुळी वगळली तर कोणत्याही दोन माणसांत त्या तंतोतंत जुळणे जवळजवळ अशक्यच असते.

जुळी वासरे

नकाराचा हा नियम इतका कडक दिसत असताना त्याला अपवाद सापडला तो गोठ्यात. गाईला एक गोऱ्हा व एक कालवड अशी जुळी झाली, तर ती कालवड बहुधा वांझ निघते, हे पशुपालकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. शिकागो येथील फ्रँक लिली यांनी १९१६ च्या सुमारास त्याचे कारण दाखविले. अशा जुळ्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या गर्भावस्थेतच एकमेकींना जोडल्या जातात, आणि गोऱ्ह्याच्या रक्तातून आलेल्या स्रावांमुळे कालवडीच्या जननेंद्रियांची वाढ खुंटते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रे ओवेन गुरांच्या रक्तगटांचा अभ्यास करीत होते. त्यांच्याकडे एका विलक्षण जुळ्यांचे रक्त आले. एकाच गाईची, एकाच वेळी जन्मलेली ती दोन वासरे दोन निरनिराळ्या जातींच्या वळूंची होती. ओवेन यांना दोन्ही वासरांत दोन्ही प्रकारच्या रक्तपेशी मिसळलेल्या आढळल्या. ज्या वळूशी वासराचा काही संबंध नाही, त्याच्या खुणा बाळगणाऱ्या पेशीही त्याच्या रक्तात होत्या. रक्तातील तांबड्या पेशी तर काही महिन्यांत मरून जातात. मग मोठेपणीही हे मिश्रण कसे टिकते? याचा अर्थ एकच. गर्भावस्थेत भावंडाच्या रक्तनिर्मात्या पेशी येऊन अस्थिमज्जेत वस्तीला राहिल्या होत्या, आणि यजमानाच्या शरीराने त्यांना कधी हाकलले नव्हते. १९४५ मध्ये ओवेन यांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली; परंतु तिचे महत्त्व त्या वेळी थोड्यांच्याच ध्यानात आले.

मेडावर यांचा या विषयाशी संबंध आला तो वेगळ्याच वाटेने. जुळी वासरे एकरूप आहेत की भिन्न, हे खात्रीने कसे ओळखावे, असा प्रश्न १९४८ साली स्टॉकहोमच्या आनुवंशिकी परिषदेत त्यांना विचारण्यात आला. एकाची त्वचा दुसऱ्यास लावून पाहा, एकरूप असतील तर टिकेल, नाहीतर गळेल, असे त्यांनी सहज सांगितले. सहकारी रुपर्ट बिलिंगहॅम यांच्यासह त्यांनी प्रत्यक्ष प्रयोग केले, तेव्हा मात्र एकरूप नसलेल्या जुळ्या वासरांनीही परस्परांची त्वचा स्वीकारली. ओळखीची कसोटी फसली. पण त्या फसण्याचे कारण ओवेन यांच्या निबंधात सापडले. जन्मापूर्वी ज्याच्या पेशींशी ओळख झाली, त्याला शरीर पुढे परके मानत नाही.

गर्भातील धडा

जे निसर्गाने वासरांत घडविले ते प्रयोगशाळेत हेतुपुरस्सर घडविता येईल काय? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिलिंगहॅम, लेस्ली ब्रेंट व मेडावर यांनी याचा प्रयत्न केला. सीबीए या शुद्ध वाणाच्या गाभण उंदरीच्या पोटातील गर्भांना त्यांनी ए या दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी बारीक सुईने टोचल्या. त्यांनी वर्णन केलेल्या एका प्रयोगात पाच पिल्ले निरोगी जन्मली. ती आठ आठवड्यांची झाल्यावर प्रत्येकावर ए वाणाची त्वचा लावण्यात आली. दोघांनी ती नेहमीप्रमाणे नाकारली. उरलेल्या तिघांच्या अंगावर मात्र ती जणू त्यांची स्वतःचीच त्वचा असावी अशी टिकून राहिली.

येथे एक शंका उद्‌भवते. कदाचित् त्या त्वचेचेच परकेपण नाहीसे झाले असेल! संशोधकांनी तिचे निरसन सुबकपणे केले. ए वाणाची त्वचा पूर्वी नाकारलेल्या साध्या सीबीए उंदरांच्या लसीकाग्रंथी त्यांनी या सहिष्णु उंदरांच्या शरीरात बसविल्या. लवकरच ते जुने, सुखाने नांदणारे कलम नष्ट झाले. म्हणजे कलम परकेच राहिले होते. बदल झाला होता तो यजमानात. शिवाय हे उंदीर एखाद्या तिसऱ्याच वाणाची त्वचा नेहमीप्रमाणे नाकारीत. त्यांचा प्रतिकार दुबळा झालेला नव्हता. एका विशिष्ट परक्यापुरताच तो आवरला गेला होता. ३ ऑक्टोबर १९५३ च्या ‘नेचर’ नियतकालिकात हा निबंध आला. त्याच सुमारास प्राग येथे मिलान हाशेक यांनी कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांचे रक्ताभिसरण जोडून तसाच परिणाम मिळविला होता. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी अशा सहिष्णुतेचे भाकीत फ्रँक फेनर यांच्यासह १९४९ मध्येच केले होते. बर्नेट व मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या घटनेची उपपत्ती पुढीलप्रमाणे लावण्यात आली. लसीकापेशी घडत असताना ज्यांची नजर स्वतःच्याच शरीराच्या खुणांवर पडते, त्या पेशी वेळीच मारल्या जातात. त्या काळात एखाद्या परक्याच्या पेशी तेथे असल्या, तर त्यांच्या खुणाही ‘स्व’मध्ये जमा होतात. ही छाननी कोठे होते तेही पुढे कळले. छातीच्या वरच्या भागात, उरोस्थीच्या मागे, यौवनलोपी ग्रंथी किंवा थायमस नावाचा अवयव असतो. वयात आल्यावर तो आकसू लागतो, म्हणून त्याला निरुपयोगी समजले जाई. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांतून तो काढून टाकला, तेव्हा असे उंदीर परक्या वाणाची त्वचा नाकारीनासे झाले. कलमावर हल्ला करणाऱ्या लसीकापेशी याच ग्रंथीत परिपक्व होतात. तिच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरावरून त्यांना टी-पेशी म्हणतात. स्वतःच्या शरीराविरुद्ध वळणाऱ्या टी-पेशी तेथे खरोखरच नष्ट होतात, हे १९८७ मध्ये उंदरांत प्रत्यक्ष दिसून आले.

न जुळणारे निरीक्षण

या उपपत्तीप्रमाणे सहिष्णुता म्हणजे केवळ एक अभाव ठरतो. हल्ला करणारेच उरले नाहीत, म्हणून शांतता. पण एक निरीक्षण या चौकटीत बसत नव्हते. जपानमध्ये यासुआकी निशिझुका व तेरुयो साकाकुरा यांनी उंदरांची यौवनलोपी ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली. हल्लेखोर पेशींचे उगमस्थानच काढल्यावर प्रतिकार मंदावेल अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात माद्यांची अंडाशये नष्ट झाली. शरीर स्वतःवरच उलटले होते. सातव्या दिवशी शस्त्रक्रिया केली तर असे होत नसे. तिसऱ्या व सातव्या दिवसांच्या दरम्यान त्या ग्रंथीतून असे काय बाहेर पडत असावे की, ज्याच्या अभावी शरीराला स्वतःचाच विसर पडावा? हा निबंध १९६९ चा आहे.

जवळजवळ त्याच वेळी अमेरिकेतील येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन यांनी मांडले की, काही टी-पेशी प्रतिकार चेतवीत नाहीत, तर दडपतात. आणि सहिष्णु उंदराच्या पेशी दुसऱ्यास दिल्या तर सहिष्णुताही त्याच्याकडे जाते. ‘दमनकारी टी-पेशी’ हा विषय दहा-बारा वर्षे मोठ्या उत्साहाने अभ्यासला गेला. पण या पेशी वेगळ्या ओळखाव्यात अशी खात्रीची खूण कोणापाशी नव्हती. ज्या जनुकाच्या आधाराने त्यांचे वर्णन केले जाई, ते जनुक अपेक्षित जागी नाहीच, असे १९८० च्या दशकात आढळले. मग साऱ्या कल्पनेवरचाच विश्वास उडाला, आणि बहुतेक संशोधकांनी हा विषय सोडून दिला.

खूण सापडली

शिमोन साकागुची यांनी तो सोडला नाही. तिसऱ्या दिवसाच्या त्या जपानी प्रयोगानेच त्यांचे कुतूहल जागे केले होते. ग्रंथी काढलेल्या उंदरांना निरोगी उंदरांच्या टी-पेशी दिल्या तर त्यांचा रोग टळतो, हे त्यांनी पाहिले. म्हणजे रक्षण करणारी काही पेशी-जात निरोगी शरीरात असलीच पाहिजे. ती इतरांतून वेगळी कशी काढावी? अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर १९९५ मध्ये त्यांनी एक खूण प्रसिद्ध केली. सहायक म्हटल्या जाणाऱ्या टी-पेशींपैकी शेकडा ५ ते १० पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-२५ नावाचे प्रथिन विपुल असते. तेवढ्याच पेशी वगळून उरलेल्या पेशी यौवनलोपी ग्रंथी नसलेल्या उंदरांना दिल्या, तर त्यांच्या शरीरात अनेक अवयवांवर स्वतःच्याच प्रतिकाराचा हल्ला होई. वगळलेल्या पेशी परत दिल्या की तो टळे. प्रत्यारोपणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, या पेशी वगळल्यावर परक्या ऊतकांविरुद्धचा प्रतिकारही अधिक तीव्र होत असे. या पेशींना पुढे ‘नियामक टी-पेशी’ असे नाव रूढ झाले.

दुसरा दुवा एका रोगी उंदराने पुरविला. अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४९ मध्ये काही नर पिल्ले खवलेदार त्वचा व सुजलेल्या लसीकाग्रंथी घेऊन जन्मली, आणि काही आठवड्यांतच मेली. ‘स्कर्फी’ नावाने हा वाण जतन करण्यात आला. दोष क्ष गुणसूत्रावर होता, म्हणून नरांतच प्रकट होई. मेरी ब्रंकाऊ व फ्रेड रॅम्सडेल यांनी १९९० च्या दशकात त्या गुणसूत्राचा शोध घेत घेत संशय २० जनुकांवर आणून ठेवला, आणि ती एकेक तपासली. दोष अखेरच्या, विसाव्या जनुकात निघाला. २००१ मध्ये त्यांनी त्याला फॉक्स-पी-३ असे नाव दिले. मुलग्यांत क्वचित् आढळणारा एक घातक आनुवंशिक रोगही याच जनुकाच्या दोषाने होतो, हे त्याच वर्षी सिद्ध झाले. दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, साकागुची यांच्यासह निरनिराळ्या गटांनी दाखविले की, नियामक टी-पेशींची घडण याच जनुकाच्या आज्ञेने होते. जनुक बिघडले की या पेशी तयार होत नाहीत, आणि शरीर स्वतःलाच जाळू लागते. ब्रंकाऊ, रॅम्सडेल व साकागुची या तिघांना २०२५ चे शरीरक्रियाविज्ञान अथवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कलमातील पहारेकरी

आता आपण पुन्हा परक्या त्वचेकडे वळू. केंब्रिज येथे हर्मन वाल्डमन व त्यांचे सहकारी प्रौढ उंदरांत सहिष्णुता निर्माण करण्याचा प्रयत्न करीत होते. कलम लावतेवेळी थोडे दिवस ते उंदरांना विशिष्ट प्रतिपिंडे टोचीत. ही प्रतिपिंडे टी-पेशींना मारीत नसत, केवळ त्यांचे काम थोपवीत. औषध थांबविल्यावरही कलम टिकून राही. मग अशा सहिष्णु उंदरास एखाद्या साध्या उंदराच्या ताज्या लसीकापेशी दिल्या, तर त्यांनी कलम नष्ट करावयास हवे होते. मेडावर यांच्या प्रयोगात तसे झालेही होते. पण तेथे दिलेल्या पेशी आधीच चवताळलेल्या होत्या. येथे नवख्या पेशींनी कलमास धक्का लावला नाही. कोणीतरी त्यांना आवरीत होते.

संशोधक याच्याही पुढे गेले. नवख्या पेशी काही आठवडे यजमानाच्या पेशींसमवेत राहिल्यावर त्यांनी यजमानाच्या स्वतःच्या टी-पेशी निवडून काढून टाकल्या. तरीही कलम टिकले. पाहुण्या म्हणून आलेल्या पेशीच आता रक्षक झाल्या होत्या, आणि त्या पुढील नवख्यांनाही आवरू शकत होत्या. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या घटनेला गर्शन यांचाच जुना शब्द वापरून ‘संसर्गजन्य सहिष्णुता’ म्हटले गेले. रोगाप्रमाणे सलोखाही एका पेशीपासून दुसरीस लागू शकतो, हे त्यातून दिसले. पुढे आणखी एक गोष्ट आढळली. एका वाणाबद्दल सहिष्णु झालेल्या उंदरास त्या वाणाचा व दुसऱ्या एका परक्या वाणाचा संकर असलेले कलम दिले, तर त्या दुसऱ्याच्या खुणाही खपवून घेतल्या जातात. ओळखीच्या सोबतीने अनोळखीलाही आत प्रवेश मिळतो.

हे रक्षक असतात तरी कोठे? लुईश ग्रासा, स्टीफन कॉबोल्ड व वाल्डमन यांनी २००२ मध्ये सहिष्णु उंदराच्या अंगावरील स्वीकारलेले त्वचेचे कलम काढून, ज्याच्या शरीरात टी-पेशी उरल्या नव्हत्या अशा उंदरावर लावले. कलमातून टी-पेशी बाहेर पडल्या, नव्या यजमानाच्या शरीरात पसरल्या, आणि तेथेही त्यांनी नकार रोखला. म्हणजे ज्या ऊतकाचे रक्षण करावयाचे, त्यातच पहारा बसलेला होता. हा पहारा सतत चालू असावा लागतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कलम दीर्घकाळ सुखरूप असलेल्या उंदरांतील केवळ फॉक्स-पी-३ धारक पेशी नष्ट करण्यात आल्या, तेव्हा ती जुनी कलमेही नाकारली गेली. हल्ला करू शकणाऱ्या पेशी त्या शरीरात सर्वकाळ हजर होत्या. त्यांना रोज आवरले जात होते. मेडावर यांच्या वासरांपासून निघालेली ‘अभावा’ची उपपत्ती खोटी नव्हे, पण अपुरी होती. सहिष्णुतेत निष्क्रियता असते तशीच जागती कृतीही असते.

आवरण्याची रीत

या पेशी नेमके काय करतात? टी-पेशी स्वतः होऊन चेतत नाही. वृक्षासारख्या शाखा असलेल्या काही पेशी परक्या ऊतकाचे तुकडे गोळा करून लसीकाग्रंथीत आणतात व टी-पेशींपुढे मांडतात. हल्ला सुरू होण्यास तुकड्याची ओळख पटणे पुरेसे नसते. या शाखाधारी पेशीने आपल्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांच्या द्वारे दुसरा इशाराही द्यावा लागतो. नियामक पेशी शाखाधारी पेशीला चिकटते आणि आपल्या सीटीएलए-४ या रेणूने ती इशाऱ्याची प्रथिने ओरबाडून घेते. इशारा मिळाला नाही की हल्लेखोर पेशी जागच्या जागी स्वस्थ बसते.

दुसरी रीत उपासमारीची आहे. चेतलेल्या टी-पेशींना आपली संख्या वाढविण्यासाठी इंटरल्यूकिन-२ नावाचे प्रथिन लागते. साकागुचींची खूण सीडी-२५ ही वस्तुतः हेच प्रथिन पकडणाऱ्या ग्राहकाचा भाग होय. नियामक पेशींवर ते विपुल असल्यामुळे त्या आजूबाजूचे इंटरल्यूकिन-२ शोषून घेतात, आणि शेजाऱ्यांना ते कमी पडते. तिसरी रीत म्हणजे प्रतिकार शमविणाऱ्या द्रव्यांचा स्राव. त्यांपैकी टीजीएफ-बीटा या द्रव्याच्या प्रभावाखाली साध्या टी-पेशींतही फॉक्स-पी-३ जागे होऊ शकते. सलोख्याच्या ‘संसर्गा’चे एक कारण हे असावे.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. सायक्लोस्पोरीनसारखी औषधे टी-पेशींत इंटरल्यूकिन-२ तयारच होऊ देत नाहीत. त्यामुळे हल्लेखोर थंडावतात. पण नियामक पेशींना स्वतःला ते प्रथिन बनविता येत नाही, त्या शेजाऱ्यांच्या उत्पन्नावरच जगतात. म्हणजे जे औषध कलम वाचविते, तेच त्याच्या नैसर्गिक रक्षकांची उपासमार करते. औषध थांबविल्यावर नकार उसळून का येतो, याचा काही उलगडा यातून होतो.

उंदरापासून वानरापर्यंत

सर्व अवयव सारखे नसतात. यकृत सर्वांत समंजस दिसते. केंब्रिज येथे रॉय कॅन यांनी १९६९ मध्ये दाखविले की, डुकरांत परके यकृत पुष्कळदा कोणत्याही औषधाविना टिकते. एवढेच नव्हे, तर त्याच दात्याची इतर ऊतकेही मग अधिक काळ खपवून घेतली जातात. उंदरांतही यकृताची गोष्ट अशीच आहे. परंतु सीडी-२५ धारक पेशी आधी काढून टाकल्या तर यकृतही नाकारले जाते. त्वचा याच्या अगदी उलट, फार हट्टी.

प्राणी बदलला की अडचणीही वाढतात. प्रयोगशाळेतील उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात, जंतूंपासून दूर वाढतो. त्याच्या टी-पेशी बहुतांशी नवख्याच असतात. वानर आणि माणूस मात्र जन्मभर जंतूंशी झगडतात, आणि त्या झगड्यांच्या स्मृती बाळगणाऱ्या पेशी चुकून परक्या ऊतकाच्या खुणांवरही उलटतात. उंदरांना आधी अनेक विषाणूंची बाधा करविली, तर एरवी खात्रीने सहिष्णुता आणणारा उपचारही त्यांच्यात निष्फळ ठरतो, असे २००३ मध्ये दिसून आले. बॉस्टन येथे वानरांना दात्याच्या मूत्रपिंडासोबत त्याची अस्थिमज्जाही देऊन, ओवेन यांच्या वासरांप्रमाणे काही काळ मिश्र रक्त निर्माण करण्यात आले. त्यांपैकी अनेकांनी औषधे थांबविल्यावरही मूत्रपिंड स्वीकारले. याच रीतीने हृदय दिले तर ते टिकत नसे. पण त्याच दात्याचे मूत्रपिंड सोबत असले तर हृदयही टिके. मूत्रपिंडात असे कोणते गुण आहेत की ते शेजारच्या अवयवासाठीही रदबदली करते, याचा अभ्यास चालू आहे. आणि तेथेही नियामक पेशींकडेच बोट दाखविले जाते.

माणसांवरील चाचण्यांनाही आरंभ झाला आहे. युरोप व अमेरिका येथील अनेक रुग्णालयांनी मिळून जिवंत दात्याचे मूत्रपिंड मिळालेल्या रुग्णांना प्रयोगशाळेत वाढविलेल्या नियामक पेशी टोचल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे हा उपचार सुरक्षित दिसला. काही रुग्णांची औषधे कमी करता आली, आणि विषाणूंची बाधाही नेहमीच्या उपचारापेक्षा कमी आढळली. औषधांविना आयुष्य हे उद्दिष्ट मात्र अद्याप दूर आहे. नियामक पेशी नेमक्या त्या दात्याच्याच खुणा ओळखणाऱ्या असाव्या लागतात, पुरेशा संख्येने वाढवाव्या लागतात आणि शरीरात टिकवाव्या लागतात. शिवाय त्यांचा अतिरेकही घातक होय. पुष्कळशा कर्करोगांच्या गाठी याच पेशींना भोवती गोळा करून त्यांच्या आडोशाने प्रतिकारापासून बचावतात. कोठे आवरावे आणि कोठे आवरू नये, याचा विवेक त्या पेशींच्या ठायी कसा उत्पन्न होतो, हे पूर्णपणे समजल्यावरच त्यांच्या हाती रुग्णाचे मूत्रपिंड निर्धास्तपणे सोपविता येईल.

माळ्याला कलमाचा सांधा जुळविण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. शल्यचिकित्सकानेही आता सांधा जुळविण्याचे काम उत्तम साधले आहे. उरलेले काम लसीकाग्रंथींच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींच्या परस्परांशी होणाऱ्या व्यवहारात आहे. आणि त्याचा पहिला धागा गोठ्यातील दोन वासरांच्या रक्ताने दाखवून दिला होता.